दिवेलागणीची प्रार्थना आणि वावराचं घड्याळ

विदर्भातल्या खेड्यात सुट्टी म्हणजे शाळेची, नाहीतर सरकारी नोकराची. वावराला सुट्टी नसते. निंदण झालं की डवरणी, ती झाली की वेचणी. मग माणसानं घराकडे वळायचं कधी? आमच्या अमरावतीकडच्या बऱ्याच गावांत एका पिढीला ते सांगितलं तुकडोजी महाराजांच्या सांजच्या प्रार्थनेनं.

या भागातली जुनी शिकवण मात्र उलट होती. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितला तो गाव, घर, सोयरे सोडण्याचा मार्ग. रिद्धपूर हे त्यांच्या महानुभाव पंथाचं मोठं ठाणं. पण सगळेच निघून गेले तर पेरणार कोण? पंथात संन्याशांसोबत घरी राहून धर्म पाळणारे 'वासनिक'ही आले, ते याच अडचणीतून असावेत, असं मला वाटतं. बैलांचा प्रश्न त्यामानानं सोपा. पोळ्याच्या आदल्या सांजेला त्यांचे खांदे मळायचे, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी जू नाही.

माणसांच्या संसाराकडे वळले ते विसाव्या शतकातले दोघे. शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनातून विचारत सुटले, कर्ज काढून सण कशाला, पोरं शाळेत का नाहीत? यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावोगाव फिरले. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला आणि १९५५ मध्ये 'ग्रामगीता' आली. तिच्या ४१ अध्यायांत देवासोबत गावसफाई, आरोग्य, शेती, लग्नातला खर्च, सगळं आहे. गंमत अशी की एकानं १९०५ मध्ये घर सोडलेलं, दुसऱ्यानं संसार मांडलाच नाही. विदर्भाला संसार शिकवला तो या दोघांनी.

तुकडोजींनी दिवसाला दोन खुंट्या ठोकल्या: पहाटे सामुदायिक ध्यान, सांजेला सामुदायिक प्रार्थना. वावरातून आलेला माणूस हातपाय धुऊन, भगवी टोपी घालून रांगेत बसायचा. शेजारी कोणत्या जातीचा, हे विचारायचं नाही. ज्याच्याशी दुपारी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं, तोही कधी त्याच रांगेत असायचा. अर्धाएक तास ना वखर, ना सावकार. उठल्यावर तो घरचा होऊन घरी जायचा.

हे झालं गडीमाणसांचं. प्रार्थनेची वेळ तीच चुलीची वेळ. 'ग्रामगीते'त महिलोन्नतीवर स्वतंत्र अध्याय आहे, पण त्यानं भाकरी थोड्याच होतात! दिवसभर बाईही वावरातच असायची. माझी आजी प्रार्थनेच्या रांगेत क्वचितच बसली. पण अख्खी प्रार्थना तिला पाठ होती, भोंग्यावरून ऐकून. परातीत भाकर थापत म्हणायची. तिचा आवाज भोंग्याच्या अर्धी ओळ मागं असायचा, कारण मधेच तव्यावरची उलटावी लागे.