सूक्ष्मसाच्यांचे विद्युत पॉलिशिंग

प्लास्टिकचे अतिसूक्ष्म भाग साच्यातून न फाटता सुटावेत म्हणून साच्याच्या धातूचा पातळ थर विजेच्या साहाय्याने विरघळवून पृष्ठभाग गुळगुळीत करण्याची प्रक्रिया. केसाएवढ्या रुंदीच्या खाचांत पॉलिश पेपर किंवा बफ शिरत नाही. द्रावण मात्र शिरते.

भाग अडकण्याचे मूळ आकुंचनात आहे. थंड होताना अॅक्रिलिक (पीएमएमए) निकेलच्या सुमारे पाचपट आकसते आणि साच्यातील उंचवट्यांना घट्ट धरून बसते. त्यात मिलिंगच्या (फिरत्या पात्याने धातू कापण्याच्या) रेघा किंवा ईडीएमच्या (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरण्याच्या पद्धतीच्या) ठिणग्यांनी पडलेले खड्डे भिंतीवर असले, तर ते हुकांसारखे काम करतात. सोडवताना प्लास्टिकच्या कडा ओढल्या जातात, कधी भिंत मुळापासून तुटते. साचा सुटण्याचा स्प्रे मारावा, तर सूक्ष्मद्रव चिपच्या (द्रवाचे थेंब बारीक वाहिन्यांतून नेऊन चाचणी करणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीच्या) वाहिन्यांत त्याचा अंश राहतो आणि चाचणी बिघडते.

या प्रक्रियेत साचा धनाग्र असतो, म्हणजे विजेच्या धन टोकाला जोडलेला असतो. पोलादासाठी फॉस्फोरिक व सल्फ्युरिक आम्लांचे गरम मिश्रण वापरतात. विरघळणाऱ्या धातूमुळे पृष्ठभागालगत दाट, चिकट थर साचतो. उंचवट्यांवर तो पातळ असल्याने तेथील धातू आधी जातो. फ्रेंच संशोधक पिएर झाके यांनी 1930च्या दशकात तांब्यावरील प्रयोगांतून हे स्पष्टीकरण मांडले.

खरी अडचण मापांची. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी 5 मायक्रोमीटर धातू गेला, की 50 मायक्रोमीटरची भिंत 40 ची उरते. तेवढी वाढीव जाडी आराखड्यातच ठेवावी लागते. कोपऱ्यांवर विद्युतप्रवाह एकवटतो, त्यामुळे तीक्ष्ण कडा गोलावतात. उलट खोल, अरुंद खाचांच्या तळाशी प्रवाह कमी पोचतो आणि नेमक्या घासणाऱ्या जागा खडबडीत राहू शकतात. स्पंदित (थांबत-थांबत सोडलेला) प्रवाह वापरून हा फरक काहीसा कमी करतात.

अतिगुळगुळीत साचा नेहमीच उत्तम असेही नाही. पृष्ठभाग आरशासारखा झाला, की प्लास्टिक त्याला सर्वत्र बिलगते. घर्षण घटले तरी चिकटणे वाढू शकते. भिंतीला दिलेला किंचित उतार बहुतेकदा पॉलिशपेक्षा जास्त उपयोगी पडतो. जर्मनीत कार्लस्रुहे येथे 1980च्या दशकात विकसित झालेल्या 'लिगा' पद्धतीने (क्ष-किरणांनी प्लास्टिकमध्ये आकार उमटवून त्यात विजेच्या साहाय्याने धातू भरून) घडवलेल्या निकेल साच्यांच्या भिंती मुळातच गुळगुळीत असल्याने त्यांना या प्रक्रियेची सहसा गरज पडत नाही. सहज कापले जावे म्हणून गंधक मिसळलेले पोलाद मात्र टाळावे: त्यातील सल्फाइडचे कण निखळून नवे खड्डे पडतात.