खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यटाकीचे झाकण

घरातल्या समुद्री मत्स्यटाकीच्या तोंडावर बसवायचे आच्छादन. ते काचेचे, अ‍ॅक्रिलिकचे, पॉलिकार्बोनेटचे किंवा जाळीचे असते. पुष्कळ टाक्यांना ते नसतेच. गोड्या पाण्याची टाकी दुकानदार बहुधा हूडसकट, म्हणजे दिवा बसवलेल्या झाकणासकट, देतो आणि विषय तिथेच संपतो. खाऱ्या पाण्यात मात्र झाकणाशी तापमान, खारटपणा, पाण्यातला ऑक्सिजन आणि माशांचा जीव या चारही गोष्टी जोडलेल्या आहेत, आणि एकीचे भले करावे तर दुसरीचे बिघडते. पुण्यात मे महिन्याची दुपार कोरडी, जुलै ओलाचिंब आणि जानेवारीतली पहाट दहा-बारा अंशांवर. तिथे एकच बंद झाकण वर्षभर चालत नाही. काच ऋतूप्रमाणे ठेवावी किंवा काढावी, जाळी मात्र बाराही महिने हवी, असे या नोंदीचे मत आहे.

मासे उडी मारतात, हे झाकणाचे पहिले आणि खरे कारण. फायरफिश, रॅस, गोबी, जॉफिश, अँथियास हे यात बदनाम आहेत. फायरफिश समुद्रात आपल्या बिळाच्या वर प्रवाहात तरंगत असतो आणि धोका दिसला की निमिषात आत शिरतो. टाकीत बीळ सापडले नाही, किंवा दुसऱ्या माशाने आधीच बळकावले असले, की तोच झपाटा वरच्या दिशेने जातो. नवा मासा आणल्यावरचे पहिले काही आठवडे, दिवे एकदम विझण्याचा क्षण आणि रात्र, या वेळा सर्वांत धोक्याच्या. ईल (सापासारखी लांब मासळी) उडी मारत नाही, सरपटते. पाइप आणि वायरींसाठी ठेवलेली फट तिला पुरते.

अशी घटना घडली की ती लगेच कळतही नाही. सकाळी मासा दिसत नाही. दगडामागे असेल म्हणून दोन दिवस वाट पाहिली जाते. मग कपाटाच्या पायाशी मुंग्यांची रांग दिसते, आणि तिच्या टोकाला सुकटीसारखा वाळलेला, लाल शेपटीचा रंग उडालेला मासा सापडतो. टाकीची पातळी काठापासून दोन-तीन इंच खाली ठेवली की पुरते, हा समज चुकीचा आहे. बोटाएवढा रॅस तेवढे अंतर सहज पार करतो.

असे असताना झाकण नको म्हणणारे लोक का आहेत, याचे उत्तर उष्णतेत आहे. समुद्री टाकीचे पाणी साधारण २५ ते २७ अंश सेल्सिअसला ठेवतात. एप्रिल-मेमध्ये पुण्यात बाहेर पारा ३८-४० अंशांना टेकतो, वरच्या मजल्यावरचा स्लॅब रात्रीही तापलेला असतो, शिवाय पंप आणि दिवे आपली भर घालतात. त्या दिवसांत टाकीला थंड ठेवणारी सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे बाष्पीभवन. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच कारण. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता सोबत नेते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा रोखला आणि दिवसाला ४ लिटर पाणी उडाले, तर सुमारे २.७ युनिट उष्णता बाहेर गेली, म्हणजे चोवीस तास चाललेल्या ११० वॅटच्या हीटरइतकी. काचेचे झाकण घातले की हा मार्ग बंद होतो. पुण्याची उन्हाळी दुपार कोरडी असल्याने हा उपाय इथे मुंबईपेक्षा कितीतरी चांगला चालतो. जूनच्या मध्यानंतर हवा दमट झाली की तोच पंखा नुसता वारा घालतो. पण तोवर खोलीही निवलेली असते.

उडते ते निव्वळ पाणी. मीठ टाकीतच राहते. दर हजार भागांत ३५ भाग क्षार असलेल्या २०० लिटरच्या टाकीतून पाच दिवसांत २० लिटर पाणी गेले आणि ते भरले नाही, तर खारटपणा जवळजवळ ३९ वर पोचतो. कोळंबी, गोगलगाय, अ‍ॅनिमोन यांना हा चढ सोसत नाही. म्हणून उघड्या टाकीला रोज गोडे पाणी लागते, खारे नव्हे. नव्याने हा छंद घेणाऱ्याची हमखास होणारी चूक इथेच होते. हे पाणी आरओचे हवे, पण स्वयंपाकघरातल्या आरओच्या नळाचे पाणी थेट घेऊ नये. त्यातला टीडीएस कंट्रोलर, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचे प्रमाण ठरवणारी झडप, थोडे कच्चे पाणी परत मिसळतो. ‘कॉपर’वाल्या यंत्रात तर तांबे मुद्दाम सोडलेले असते, आणि माणसाला चालणारे ते किंचित तांबेही कोळंबीला विष ठरते. सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी येत असेल तर क्षारांचा प्रश्न आणखी वाढतो. पुण्यात देखभालीसाठी पाणीपुरवठा बंद ठेवायचा वार पुष्कळदा गुरुवार असतो. मे महिन्यात उघडी टाकी ठेवणाऱ्याने बुधवारी रात्रीच दोन कॅन भरून ठेवावेत.

गुरुवारी पुष्कळदा वीजही जाते, आणि तेव्हा प्रश्न ऑक्सिजनचा होतो. पूर्ण खाऱ्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. गोड्या पाण्यात ८.३. पाणी तापले की हा आकडा आणखी उतरतो, आणि पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने हवेचा दाबही सहाएक टक्क्यांनी कमी. पंप थांबलेले, वर काच घट्ट बसलेली, आत दाटीने मासे: अशा टाकीत दोन-तीन तासांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसू शकतात. वीज गेली की काच आधी काढावी, बॅटरीवरचा एअर पंप मग शोधावा. वीज असतानाही घट्ट झाकणाखाली कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरतो, पण घराच्या सगळ्या खिडक्या लावून एसी चालवला तरी तेच होते. त्यामुळे दोष दर वेळी झाकणाला देऊ नये.

काचेमुळे प्रकाश कमी होतो, हा आक्षेप परदेशी प्रवाळ-टाक्यांवरून आलेला आहे. भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे आणि त्यांचा व्यापार करता येत नाही. मुख्यतः मासे ठेवलेल्या टाकीत या आक्षेपाला फारसे वजन नाही. काच पुसलेली हवी, एवढेच. बुडबुड्यांचे तुषार उडून तिच्यावर मिठाची पांढरी पापडी धरते. ती दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसली नाही तर काच धुरकट होते. हीच पापडी उघड्या टाकीत काठावरून उतरत एक्स्टेंशन बोर्डापर्यंत पोचते. वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर नेली, की ओघळ झोलातून खाली ठिबकतो, प्लगमध्ये शिरत नाही.

जाळीच्या झाकणाने हवा आणि बाष्प मोकळे राहतात आणि मासा आत राहतो. पुण्यात ते बनवून घेणे सोपे आहे, कारण खिडक्यांना डासांची जाळी बसवणारे कारागीर जवळजवळ प्रत्येक पेठेत आणि उपनगरात आहेत. टाकीचे आतले माप द्यावे. ते अ‍ॅल्युमिनियमची चौकट कापून देतात, खाचेत रबर दाबून जाळी ताणतात. जाळी आपण न्यावी. त्यांच्याकडची करडी डासांची जाळी फार बारीक असते, ती प्रकाश खाते आणि मिठाने बुजते. बाल्कनीला लावतात ती कबुतरांची जाळी इतकी मोठ्या डोळ्यांची, की क्लाऊनफिशही आरपार जाईल. पारदर्शक नायलॉनची, साधारण ६ मिलिमीटर डोळ्याची जाळी योग्य. चौकट पावडर कोटिंगची घ्यावी, नुसते अ‍ॅल्युमिनियम खारट तुषारांनी पांढरे पडून झिजते. पितळी स्क्रू टाळावेत, पितळेत तांबे असते. अ‍ॅक्रिलिकचे पातळ झाकण एका बाजूने ओल शोषते आणि काही आठवड्यांत पापडासारखे वाकते. कोपरे उचलले की झाकण असून नसल्यासारखे.

ऋतूंचा हिशेब यावरून मांडता येतो. फाल्गुन सरून उन्हे तापू लागली की काच उतरवावी, जाळी आणि पंखा ठेवावा. पावसाळ्यात टाकीतले बाष्प खोलीत साठून भिंतीला ओल आणि कपाटाला बुरशी धरते, तेव्हा अर्धी काच बरी. थंडीत, विशेषतः तळमजल्यावर किंवा नदीकाठच्या गार भागात, रात्री काच घातली की हीटरची वीज वाचते. मागे दोन बोटांची फट मात्र तिन्ही ऋतूंत राहू द्यावी आणि तिच्यावर जाळीचा तुकडा असावा.

बाहेरून आत पडणाऱ्या गोष्टींसाठीही झाकण लागते. दिव्याच्या किड्यांमागे आलेली पाल टाकीत पडते. डास मारायच्या फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइड द्रव्ये मासे आणि कोळंबी यांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात. सोसायटीत धुरळणी असेल त्या दिवशी काच घालून वर ओली चादर टाकावी, आणि खोलीतली हवा पाण्यात ओढणारे स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारे यंत्र) व एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवावेत. खुद्द समुद्री टाकीत डास होत नाहीत. पाणी खारे आणि हलते असते. पण शेजारी टॉप-अपसाठी, म्हणजे उडालेले पाणी भरून काढण्यासाठी, भरून ठेवलेली आरओ पाण्याची बादली ही डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला हवी तशीच जागा आहे: स्वच्छ, स्थिर आणि घराच्या आत. तिला घट्ट झाकण हवे, आणि नळीसाठी पाडलेल्या भोकात कापसाचा बोळा.