पालप्रेरित आसंजन

पालीच्या तळपायाची रचना नमुना मानून तयार केलेले, पुन्हा पुन्हा चिकटणारे आणि हवे तेव्हा सुटणारे कोरडे पृष्ठभाग, तसेच ते वापरून भिंत चढणारे किंवा वस्तू उचलणारे रोबो घडवण्याचे तंत्र. जीवप्रेरित रोबोटिक्समधील हे एक महत्त्वाचे क्षेत्र आहे. सेलोटेप एकदा लावली की जोर लावून ओढावी लागते आणि तिच्यावर धूळ बसली की ती फेकून द्यावी लागते. पाल मात्र धावताना सेकंदाला कित्येक वेळा पाऊल चिकटवते आणि सोडवते. हे करताना तिला फारसा जोर लागत नाही आणि मागे चिकट डागही राहत नाही. घट्ट चिकटणारे पदार्थ माणसाकडे पूर्वीपासून होते. सहज सुटणारी पकड त्याच्याकडे नव्हती, आणि या क्षेत्रातील बहुतेक कष्ट तिच्यासाठीच झाले आहेत.

खिडकीच्या काचेवर बाहेरून बसलेल्या पालीचे पाय आतून पाहिले, तर बोटांखाली आडव्या घड्या दिसतात. त्यांना पट्टिका म्हणतात. या पट्टिकांवर अतिसूक्ष्म रोमांची दाट लव असते. प्रयोगशाळेत सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या टोके पालीच्या (ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणारी मोठी पाल) एका पावलावर असे सुमारे ५ लाख रोम असतात. प्रत्येक रोम ३० ते १३० मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असून त्याची जाडी माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतकीच असते. टोकाकडे त्याला शेकडो फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्याचे टोक कालथ्यासारखे चपटे असते. हा कालथा जेमतेम ०.२ मायक्रोमीटर रुंद, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसूच शकत नव्हता. १९६०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही सारी रचना स्पष्ट झाली.

पाल डोके खाली करूनही झाडावर चालते, हे ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवले आहे. त्यामागचे कारण शोधताना एकेक तर्क बाद होत गेला. तळपायात चिकट द्रव पाझरणाऱ्या ग्रंथी नसतात, म्हणून डिंकाचा तर्क टिकला नाही. १९३४ मध्ये जर्मनीत डेलिट यांनी केलेल्या प्रयोगांत निर्वातातही पकड कायम राहिली. म्हणजे हवेच्या दाबाने चालणाऱ्या शोषकांचा तर्क गेला. स्थिर विद्युतभाराचाही आधार मिळाला नाही.

निर्णायक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. केलर ऑटम, रॉबर्ट फुल आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी टोके पालीचा एकच रोम सुटा करून त्याचे बल मोजले. सुरुवातीला तो चिकटेचना. तो आधी हलकेच दाबावा लागतो आणि मग सुमारे ५ मायक्रोमीटर मागे ओढावा लागतो, म्हणजे सारे कालथे पृष्ठभागावर नीट लोळतात, हे पुढे ध्यानात आले. तसे केल्यावर एका रोमाने २०० मायक्रोन्यूटनपर्यंत बल दाखवले. या हिशेबाने एका पावलाचे सगळे रोम एकाच वेळी पूर्ण बसले, तर ते सुमारे १० किलो वजन पेलतील. आणि ही पाल साधारण ५० ग्रॅम वजनाची! प्रत्यक्षात कोणत्याही क्षणी थोडेच रोम कामाला लागलेले असतात. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते ती बलाच्या आकड्याहून मोठी आहे. रोमाचा पृष्ठभागाशी होणारा कोन सुमारे ३० अंशांपर्यंत वाढला की पकड आपोआप सुटते. पाल चालताना बोटांची टोके आधी वर उलगडून घेते, ती यासाठीच. चिकटणे आणि सुटणे यांतील फरक केवळ कोनाचा आहे.

२००२ मध्ये याच गटाने पाण्याला ओढून घेणाऱ्या आणि पाण्याला दूर ठेवणाऱ्या अशा दोन्ही पृष्ठभागांवर पालीची पकड जवळपास सारखीच असल्याचे दाखवले. त्यावरून तिचे मूळ व्हॅन डर वाल्स बलात, म्हणजे अगदी जवळ आलेल्या रेणूंमधील क्षीण आकर्षणात आहे, असा निष्कर्ष निघाला. हवेतील ओलाव्याने पकड वाढते, असे पुढील प्रयोगांत आढळल्याने पाण्याच्या वाट्यावरचा वाद मात्र मिटलेला नाही. कोरड्या टेफ्लॉनवर पाल घसरते, पण ओल्या टेफ्लॉनवर टिकते, हेही २०१३ मध्ये दिसून आले.

व्हॅन डर वाल्स बल दोन पृष्ठभाग एकमेकांना प्रत्यक्ष भिडल्याशिवाय जाणवत नाही. गुळगुळीत दिसणारी भिंतही सूक्ष्म पातळीवर डोंगरदऱ्यांची असते. तिच्यावर सपाट पट्टी ठेवली तर ती मोजक्या शिखरांनाच टेकते. एका मोठ्या स्पर्शाऐवजी लाखो लहान स्पर्श घडवणे, हा निसर्गाने काढलेला मार्ग. कीटक, कोळी, पाल अशा क्रमाने प्राणी जड होत जातो तशी रोमांची टोके बारीक होत जातात, हे एडुआर्ड आर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडले.

सगळ्याच पालींना ही देणगी नाही. सह्याद्रीच्या कातळांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर दिवसा वावरणाऱ्या, निमास्पिस प्रजातीच्या छोट्या पालींची बोटे सडपातळ आणि नखांची असतात. त्यांना पट्टिकांची गादी नसते. गुजरात-महाराष्ट्रातील बिबट्या पालही जमिनीवरची रहिवासी असून तिला काच चढता येत नाही. मराठी वाचकाला येथे १६७०चा सिंहगड आणि यशवंती घोरपड आठवणारच. ती लोककथा आहे, इतिहासाचा पुरावा तिला नाही. पण जीवशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तरी घोरपड नखांनी कडा धरते, तिच्या पायांत चिकटणारे रोम नसतात.

कृत्रिम रोमांचा गाजलेला पहिला नमुना २००३ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाईम यांच्या गटाने पॉलिइमाइड या प्लॅस्टिकपासून बनवला. (ग्राफीनवरील कामासाठी २०१०चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले गाईम ते हेच.) ही पट्टी चिकटली, पण फार दिवस टिकली नाही. मऊ रोम एकमेकांनाच चिकटत आणि त्यांचे गुंते होत. पालीचे रोम ताठ केराटिनचे, आपल्या नखांच्याच जातीच्या द्रव्याचे असतात. मऊपणा त्यांना द्रव्यातून येत नाही, बारीक फाट्यांतून येतो.

सुटण्याचा प्रश्न स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क कटकोस्की यांच्या प्रयोगशाळेने रोबोत उतरवला. सांगबे किम यांनी तेथे घडवलेला स्टिकीबॉट २००६ मध्ये काचेची उभी भिंत सेकंदाला ४ सेंटिमीटर वेगाने चढला. त्याच्या पायांखालचे रोम तिरपे होते. एका दिशेने ओढले तर धरणारे, उलट दिशेने ढकलले तर सोडणारे. त्याची बोटेही लवचीक होती, पालीसारखीच टोकाकडून उलगडणारी. पालीच्या रोमांपेक्षा हे रोम कितीतरी जाड होते, तरी रोबो चढला. दिशेचे मर्म हाती आले की नॅनो आकाराचा आग्रह सैल करता येतो, हा या कामाचा धडा.

आकार वाढला की अडचणही वाढते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये केलेल्या हिशेबानुसार पालीच्या पद्धतीने भिंत चढायची तर माणसाच्या शरीराचा सुमारे ४० टक्के पृष्ठभाग चिकट असावा लागेल. तत्पूर्वी २०१४ मध्येच स्टॅनफर्डच्या इलियट हॉक्स आणि सहकाऱ्यांनी यावर वाट काढली होती. मोठ्या पट्टीवर भार असमान पडतो, एक कोपरा सुटतो आणि पाठोपाठ सारी पट्टी सुटते. त्यांनी प्रत्येक हाताच्या तळव्याएवढ्या फलकाचे २४ तुकडे केले आणि प्रत्येकाला अशी स्प्रिंग जोडली, की भार सर्वांवर जवळपास सारखा वाटला जावा. हे फलक धरून ७० किलो वजनाचा माणूस काचेची उभी भिंत चढला.

मृदू रोबोंना या पृष्ठभागांचा उपयोग वेगळ्या कारणाने होतो. हवा भरून वाकणारी रबरी बोटे नाजूक वस्तूभोवती छान बसतात, पण त्यांना जोराने आवळता येत नाही. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि स्टॅनफर्ड यांनी २०१८ मध्ये अशा बोटांना पालप्रेरित थर लावला. मऊ बोट स्पर्श सर्वत्र सारखा ठेवते, थर घसरू देत नाही. दोघांची उणीव परस्परांकडून भरून निघते. अंतराळात हे तंत्र आणखी मोलाचे ठरते, कारण तेथे हवेच्या दाबावर चालणारे शोषक निरुपयोगी असतात आणि तरंगती वस्तू दाबायला गेले की दूर ढकलली जाते. स्टॅनफर्ड आणि नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने बनवलेली पकड भारहीनतेचा अनुभव देणाऱ्या विमानात तपासली गेली (२०१७). निकामी उपग्रहांचे अवशेष गोळा करणे हा तिचा एक अपेक्षित उपयोग.

पालीची शेपटीही संशोधकांच्या नजरेतून सुटलेली नाही. पाय घसरला की पाल शेपूट भिंतीला टेकवून मागे उलटणे टाळते. चपट्या शेपटीच्या पाली झाडाच्या बुंध्यावर वेगाने आदळतात, तेव्हा शेपटीच्या आधारानेच त्या सावरतात. अर्दियन युसुफी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मऊ धडाच्या शेपटीवाल्या रोबोवर ते पडताळून पाहिले.

कारखान्यांत काच आणि इलेक्ट्रॉनिक पट्ट्या उचलण्यासाठी अशा पकडी वापरात आल्या आहेत. खडबडीत गिलावा, ओल आणि धूळ यांपुढे मात्र त्या अजून कमी पडतात. धुळीत माखलेली पाल काही पावले चालली की तिचे तळवे पुन्हा स्वच्छ होतात, कारण धुळीचा कण रोमांपेक्षा भिंतीला अधिक घट्ट धरतो. यंत्रावरचा थर मात्र अधूनमधून थांबून पुसावा लागतो.