पार्श्वभूमी : नदी मोजण्याची सरकारी नोकरी

डिसेंबर १८८८. न्यू मेक्सिकोतल्या एम्बुडो गावाजवळ, रिओ ग्रान्दे नदीच्या काठी, ऐन थंडीत काही तरुण अभियंते तंबू ठोकून राहिले होते. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागाने त्यांना धाडलं होतं ते वाहतं पाणी मोजायचं कसं, हे शिकायला. पश्चिमेच्या कोरड्या मुलखात शेती भिजवायची तर आधी नद्यांत पाणी किती हे कळलं पाहिजे, असा संचालक जॉन वेस्ली पॉवेल यांचा आग्रह होता. शिबिर फ्रेडरिक न्यूएल यांच्याकडे सोपवलेलं होतं. १८८९ च्या जानेवारीत तिथे सुरू झालेलं प्रवाहमापन केंद्र हे त्या विभागाचं पहिलं. सरकारी जलशास्त्रज्ञाच्या पेशाची गोष्ट मी तरी इथूनच सुरू करीन.

काम ऐकायला सोपं आहे. पात्राचे उभे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्याची रुंदी, खोली आणि पाण्याचा वेग घ्यायचा, तिन्हींचा गुणाकार करून सगळे पट्टे बेरजेला घ्यायचे. हा झाला विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला नदीतून वाहणारं पाणी. वेगवेगळ्या पातळ्यांना अशी मापं घेतली की पातळी आणि विसर्गाचा आलेख तयार होतो आणि मग रोज नुसती मोजपट्टी वाचून भागतं. पण एखादा मोठा पूर येतो, तळाची वाळू सरकते आणि कालपर्यंत बरोबर असलेला आलेख चुकायला लागतो. पुन्हा पात्रात उतरायचं, पुन्हा मोजायचं. या नोकरीचं मोल मला या ‘पुन्हा’मध्येच दिसतं. दशकानुदशकांच्या सलग नोंदी नसतील तर यंदाचा दुष्काळ नेहमीचा की अपवादाचा, हे सांगणार कशावरून? इतका धीर सरकारबाहेर फार थोड्यांना परवडतो.

भूजलाचा हिशेब त्याहून अवघड, कारण ते दिसतच नाही. १९३० मध्ये याच विभागात आलेले चार्ल्स थाइस न्यू मेक्सिकोत काम करत होते. विहीर उपसत राहिली तर भोवतालची पातळी किती दिवसांत किती उतरेल, हा त्यांचा प्रश्न. जुनी सूत्रं पातळी स्थिरावल्यानंतरची होती, त्यांत वेळेला जागाच नव्हती. थाइस यांना वाटलं, गरम वस्तूतली उष्णता थंड जागेकडे जाते तसंच जमिनीतलं पाणी विहिरीकडे येत असणार. गणित अडलं तेव्हा त्यांनी सी. आय. लुबिन या गणितज्ञ मित्राला पत्र घातलं. सूत्र मिळालं, १९३५ मध्ये निबंध छापून आला. लुबिन यांनी मात्र सहलेखक म्हणून नाव लावायला नकार दिला. पंप चाचणीचे, म्हणजे विहीर उपसून पातळी कशी उतरते हे पाहण्याच्या चाचणीचे, आकडे घेऊन बसणारे भूजलतज्ज्ञ आजही थाइस यांच्या सूत्राकडे वळतात.

१९४० मध्ये थाइस यांनी आणखी मूलभूत प्रश्न घेतला : विहिरीतून उपसलेलं पाणी येतं कुठून? एक तर साठा घटतो, नाहीतर पुनर्भरण, म्हणजे वरून जमिनीत मुरणारं पाणी, वाढतं, नाहीतर नद्या-झऱ्यांकडे जाणारं पाणी तेवढं कमी होतं. चौथी वाट नाही. म्हणजे नदीलगतच्या शेतातला उपसा नदीकाठच्या मोजपट्टीवरही उमटतो, कधी लगेच, कधी कित्येक वर्षांनी.