कुंपणभिंत आणि हद्दीचे वाद (मुंबई)

मुंबईत दोन भूखंडांमधली कंपाउंड वॉल जुनी असली, तरी तेवढ्याने ती हद्द ठरत नाही. हद्द पाहायची भूमापन नकाशावर. शहर जिल्ह्यात सी.एस. क्रमांकाने, उपनगरात सी.टी.एस. क्रमांकाने (हे भूमापनात भूखंडाला दिलेले क्रमांक). मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) धारक व क्षेत्रफळ कळते, रेषा कुठून जाते ते नाही. पत्रिकेतले क्षेत्रफळ धरून टेप लावत बसण्यात अर्थ नाही.

उपनगरात नगर भूमापन कार्यालयाकडे ‘हद्द कायम’ मोजणीचा, म्हणजे अभिलेखाप्रमाणे जागेवर हद्द दाखवून देण्याचा, अर्ज करतात. त्यात सर्व लगतधारकांची (शेजारच्या भूखंडधारकांची) नावे-पत्ते हवेत. एखादे नाव गळले की त्याला नोटीस जात नाही, आणि पुढे तोच मोजणीवर हरकत घेतो. भूकरमापक (सरकारी मोजणीदार) जागेवर हद्दीच्या खुणा दाखवतो. नंतर मिळणाऱ्या ‘क’ प्रतीत, म्हणजे मोजणीच्या नकाशात, अभिलेखातली हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळी दाखवलेली असते. रंगाच्या खुणा पावसाळ्यात धुपतात, म्हणून त्याच दिवशी पक्क्या कराव्यात व फोटो काढावेत. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते.

सोसायटीच्या आवारात वादाची बाजू सोसायटीने मांडायची, तळमजल्याच्या सभासदाने नव्हे. खरी अडचण अभिहस्तांतरणाची (कन्व्हेयन्सची), म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे होण्याची. ते झाले नसेल तर पत्रिकेवर अजून बिल्डर किंवा मूळ जमीनमालकच असतो. मग आधी मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) करून घ्यावे लागते.

भिंत पूर्णपणे स्वतःची हवी असेल, तर तिचा बाहेरचा चेहराच नव्हे, पायाही रेषेच्या आत हवा. पाया भिंतीपेक्षा रुंद असतो. वर बरोबर दिसणारी भिंत खाली शेजाऱ्याच्या जागेत शिरते ती अशी. सामाईक भिंतीसाठी खर्च व दुरुस्तीचा लेखी करार बरा. उंचीबाबत राष्ट्रीय इमारत संहितेचा सर्वसाधारण दंडक समोरच्या रस्त्याच्या मध्याच्या पातळीपासून १.५ मीटर, वरचे ०.९ मीटर जाळीदार ठेवल्यास २.४ मीटरपर्यंत. मुंबईत मात्र विकास नियमावली २०३४ लागू आहे, तेव्हा विटा आणण्यापूर्वी वॉर्डाच्या इमारत व कारखाने विभागात विचारावे. पलीकडची जमीन उंच असेल तर साधी कुंपणभिंत चालत नाही, मातीचा दाब पेलणारी भिंत लागते. तिच्यातली निचऱ्याची भोके बुजली की मागच्या मातीत पाणी साचते आणि भिंत कोसळते.

मालकीचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालय. तेथे न्यायालय कमिशनर नेमून जागेची पाहणी करवू शकते. कायदेशीर मार्गाशिवाय ताब्यातून काढले असेल, तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खालचा दावा ६ महिन्यांत लावावा लागतो. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्याकडे झुकली तरी थेट कुऱ्हाड चालवू नये. आधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी.