भल्ला, जसविंदर

भल्ला, जसविंदर : (४ मे १९६० – २२ ऑगस्ट २०२५). पंजाबी विनोदी कलावंत, चित्रपट अभिनेते आणि कृषी विस्तार शिक्षणाचे प्राध्यापक. जन्म पंजाबच्या लुधियाना जिल्ह्यातील दोराहा येथे. वडील बहादुरसिंग प्राथमिक शाळेत शिक्षक होते. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातून त्यांनी कृषी विषयाची पदवी आणि विस्तार शिक्षणाची पदव्युत्तर पदवी घेतली. पुढे मेरठच्या चौधरी चरणसिंग विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. काही वर्षे राज्याच्या कृषी खात्यात नोकरी करून १९८९ मध्ये ते आपल्याच विद्यापीठात अध्यापक झाले आणि २०२० साली विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाले. पडद्यावर सर्वाधिक मागणी असतानाही त्यांनी ही नोकरी सोडली नाही.

नव्या बियाण्याची, खताची, कीडनियंत्रणाची माहिती शेतकऱ्याला त्याच्या बोलीत, त्याला पटेल अशी सांगणे हे विस्तार शिक्षणाचे काम. त्यासाठी गावाकडचा माणूस कशावर हसतो, कशाने बिथरतो, पुढाऱ्याविषयी पारावर काय बोलतो याचे भान लागते. भल्लांच्या विनोदाची सामग्री नेमकी हीच होती. त्यांची प्राध्यापकी आणि विनोद या दोन वेगळ्या वाटा मानल्या जातात. पण त्या फारशा वेगळ्या नव्हत्या.

विद्यार्थिदशेपासूनचे मित्र बालमुकुंद शर्मा यांच्यासह त्यांनी १९८८ मध्ये ‘छणकाटा’ ही विनोदी ध्वनिफितींची मालिका सुरू केली. विद्यापीठाच्या स्नेहसंमेलनांतून तयार झालेल्या या प्रकारात गप्पा, चुटके आणि विडंबनगीते एकत्र येत. त्यातले मुख्य पात्र म्हणजे ‘चाचा चतर सिंग’. भल्लांनी रंगवलेला हा खेडवळ, बेरकी म्हातारा, आणि त्याला प्रश्न विचारून खुलवणारा भतीजा म्हणजे शर्मा. याखेरीज परदेशी स्थायिक झालेला भाणा, शहरी तरुण जे. बी. अशी पात्रेही भल्ला एकट्याच्या आवाजात उभी करीत. पोलीस, नेते, बेकारी, व्यसने, परदेशी जाण्याचे वेड असे सगळेच विषय चाचाच्या तोंडी येत. खेड्यातला माणूस इथे हसण्याचा विषय असतो, तसा हसणाराही असतो. टॅक्सीत, ट्रकमध्ये, ट्रॅक्टरवर ध्वनिफिती वाजण्याचा तो काळ होता. चेहरा ठाऊक होण्याआधी आवाज घरोघरी पोचला. मालिकेचे दोन डझनांहून अधिक भाग निघाले. पुढे ते चित्रफितींवरही आले.

चित्रपटांत त्यांचे नाव झाले ते जसपाल भट्टी यांच्या ‘माहौल ठीक है’ (१९९९) मधून. मात्र खरा बहर २०१० नंतरचा. त्याच सुमारास पंजाबी चित्रपट सूडकथांकडून कौटुंबिक गोंधळनाट्याकडे वळला होता आणि अशा कथेला एक चिडका, गोंधळलेला, तरीही प्रेमळ बाप लागतोच. समीप कंग दिग्दर्शित ‘कॅरी ऑन जट्टा’ (२०१२) मधील वकील ढिल्लों ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका. मुलगा स्वतःला अनाथ म्हणवून लग्न जमवतो आणि त्या थापेच्या फेऱ्यात बापासह सगळे घर सापडते. ‘ढिल्लों ने काळा कोट ऐवें नी पाया’ (ढिल्लोंने काळा कोट उगाच नाही चढवला) ही त्यांची ओळ पंजाबात बोलण्यात रुळली. ‘गंदी औलाद, ना मजा ना सवाद’ ही शिवीवजा हळहळही याच बापाची. या चित्रपटाचे २०१८ व २०२३ मध्ये पुढचे भाग निघाले, आणि तिन्हींत ढिल्लों आहे. ‘जट्ट अँड ज्युलिएट २’ (२०१३) मधील इन्स्पेक्टर जोगिंदर सिंग, तसेच ‘डॅडी कूल मुंडे फूल’, ‘मिस्टर अँड मिसेस ४२०’ आणि ‘सरदारजी’ हे त्यांचे अन्य उल्लेखनीय चित्रपट.

प्रत्येक भूमिकेला स्वतंत्र ‘तकिया कलाम’, म्हणजे पालुपद देणे ही त्यांची खासियत. यमक जुळवलेली ही वाक्ये ते सरळ चेहऱ्याने, किंचित वैतागून फेकत. यामुळे भूमिका लक्षात राहत. पण पुढेपुढे लेखक याच युक्तीवर विसंबून राहिले आणि काही चित्रपटांत पालुपद आहे, माणूस नाही, असे झाले. ‘छणकाटा’तल्या चाचाची धार या बापांना क्वचितच लाभली. तिथे निशाणा सत्तेवर असे, इथे तो बहुधा घरातल्या पोरांवर.

त्यांच्या आधीच्या पिढीत मेहर मित्तल हे पंजाबी पडद्यावरचे प्रमुख विनोदी नट होते. भल्लांच्या काळात गुरप्रीत घुग्गी, बिन्नू ढिल्लों, बी. एन. शर्मा यांच्यासह विनोदी नटांचा संचच तयार झाला आणि नायकाइतकेच या संचाच्या नावावर चित्रपट चालू लागले. कॅनडा व ऑस्ट्रेलियातील पंजाबी वस्त्यांमध्ये भल्लांचे रंगमंचीय प्रयोगही होत.

‘शिंदा शिंदा नो पापा’ (२०२४) हा त्यांच्या अखेरच्या प्रदर्शित चित्रपटांपैकी एक. मेंदूतील रक्तस्रावाच्या आघातानंतर मोहाली येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा मुलगा पुखराज भल्ला हाही अभिनेता असून त्याची सुरुवात ‘छणकाटा’तूनच झाली.