प्रतिकृती रेल्वेचा वीज-नियंत्रक

घरगुती विजेचा दाब (व्होल्टेज) उतरवून ती रुळांमार्गे छोट्या आगगाडीच्या मोटरला पुरवणारे आणि त्या पुरवठ्यात फेरफार करून गाडीचा वेग व दिशा ठरवणारे उपकरण. हौशी मंडळी त्याला नुसते ‘कंट्रोलर’ म्हणतात. एचओ (१:८७) आणि ओओ (१:७६.२) ही दोन प्रमाणे बरीच प्रचलित असून दोन्हींत रुळांमधील अंतर १६.५ मिमी. असते, एन प्रमाणात ते ९ मिमी. असते. बहुतेक कंट्रोलर १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह (डीसी) देतात. भारतीय ब्रॉडगेजचे १,६७६ मिमी. अंतर १:८७ या प्रमाणात सुमारे १९.३ मिमी. व्हायला हवे. मात्र तयार रूळ १६.५ मिमी.चेच मिळत असल्याने भारतीय गाड्यांच्या प्रतिकृती सहसा त्यांवरच चालवल्या जातात. कंट्रोलरला या तफावतीने काही फरक पडत नाही.

उगम : विजेवर धावणारी छोटी गाडी प्रथम कोणी केली याविषयी दोन मते आहेत. एक मत हा मान अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या टॉमस डॅव्हनपोर्ट या लोहाराला देते. त्याने १८३४-३५ च्या सुमारास विद्युत् घटांवर चालणारी मोटर लहानशा वर्तुळाकार मार्गावर फिरवून दाखवली. १८३७ मध्ये त्याला मोटरचे पेटंट मिळाले. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या रॉबर्ट डेव्हिडसन याचेही नाव या संदर्भात घेतले जाते, परंतु १८४२ च्या सुमारास त्याने चालवलेले इंजिन पूर्ण आकाराचे होते, त्यामुळे ते येथे गैरलागू ठरते. दुसरे मत सिनसिनाटी येथील कार्लाइल अँड फिंच या कंपनीच्या बाजूचे आहे. तिने १८९६ मध्ये (काहींच्या मते १८९७ मध्ये) घटांवर चालणारी खेळण्यातील गाडी बाजारात आणली. डॅव्हनपोर्टचा हेतू मोटर सिद्ध करण्याचा होता, रेल्वेची प्रतिकृती करण्याचा नव्हता. म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

कंट्रोलरचा उगम मात्र या दोहोंतही शोधता येत नाही. मोजक्या घटांवर चालणाऱ्या गाडीला चालू-बंद करण्याचे बटण पुरे होते. घरोघरी वीज आल्यावर प्रश्न पालटला, कारण आता दाब हवा त्याहून कितीतरी जास्त होता. आरंभीचा एक तोडगा असा, की मंडलात (सर्किटमध्ये) विजेचा दिवा एकसरीत (सिरीजमध्ये) जोडावा आणि गाडीला जाणारा प्रवाह त्याच्या रोधाने आटोक्यात ठेवावा. ब्रिटनमधील हॉर्नबीची १९२५ ची पहिली विजेची गाडी याच पद्धतीची होती. या मांडणीत रुळावर इंजिन नसेल तेव्हा रुळांवर घरातल्या विजेचा जवळजवळ पूर्ण दाब उभा राही! मुलांच्या हाती असे खेळणे देणे आज कोणी मान्य करणार नाही. पुढे रोहित्राने (ट्रान्सफॉर्मरने) दाब उतरवण्याची पद्धत रूढ झाली. जर्मनीतील मेर्कलिन कंपनीने प्रत्यावर्ती प्रवाहच (एसी) कायम ठेवला. त्यात गाडी साधारण १६ व्होल्टपर्यंत चालते आणि दिशा बदलण्यासाठी सुमारे २४ व्होल्टचा क्षणिक झटका देऊन इंजिनातील रिले (विजेने फिरणारा स्विच) फिरवावा लागतो.

कायमचुंबकी मोटर आल्यावर दिशेचा हा प्रश्न आपोआप सुटला. रुळांतील धन-ऋण टोकांची अदलाबदल केली की गाडी उलट जाते. हॉर्नबीची ‘डब्लो’ मालिका १९३८ मध्ये १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर आली. मेर्कलिनचा वंश वेगळा धरला, तर आजच्या साध्या कंट्रोलरची वंशावळ १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोजणे रास्त दिसते. गाडी ज्या दिशेने पुढे जाते त्या दिशेला तोंड करून उजवा रूळ धन, हा संकेत अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या (स्थापना १९३५) प्रमाणांमुळे रूढ झाला.

कार्यपद्धती : जुन्या कंट्रोलरमध्ये घुंडीमागे बदलता रोध असे. त्याचा दोष आकड्यांनी लगेच ध्यानात येतो. समजा, पुरवठा १२ व्होल्टचा, रोध ४० ओहमचा आणि सपाटीवर इंजिन ०.२ अँपिअर घेते. रोधात ८ व्होल्ट खर्च होऊन मोटरला ४ व्होल्ट मिळतात. चढ लागताच इंजिनाने ०.२५ अँपिअर मागितले, की रोधात १० व्होल्ट जातात आणि मोटरला उरतात २. म्हणजे जोर हवा असतो तेव्हाच गाडी मलूल होते. उलट, थांबलेली गाडी हलवण्यासाठी घुंडी बरीच फिरवावी लागते आणि मग ती एकदम उडी घेते. पुण्याच्या वाचकाला याचे मोठे रूप परिचयाचे असेल. बोरघाटात १,५०० व्होल्ट एकदिश विजेवर चालणाऱ्या डब्ल्यूसीजी-१ या ‘क्रोकोडाइल’ इंजिनांचे नियंत्रणही रोधांनीच होई. तेथे मात्र रोध फक्त गाडी उचलण्यापुरते वापरत आणि वेग आल्यावर ते मंडलातून काढून मोटरी एकसरी किंवा समांतर जोडत. रोध फार वेळ मंडलात ठेवले तर ते तापत. खेळण्याच्या कंट्रोलरने घाटातील चालकाचा हा विवेक घेतला नाही.

ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर, साधारण १९६० च्या दशकापासून, मोटरने कितीही प्रवाह घेतला तरी दाब जवळजवळ स्थिर राखणारे कंट्रोलर आले. त्यापुढची पायरी स्पंदांची. यात पूर्ण १२ व्होल्ट देऊन क्षणात तोडले जातात आणि चालू-बंद काळाचे गुणोत्तर बदलून सरासरी ठरवली जाते. प्रत्येक स्पंद पूर्ण दाबाचा असल्याने मोटर आतील घर्षण ओलांडून निघते आणि गाडी मुंगीच्या पावलाने सरकू शकते. काही कंट्रोलर दोन स्पंदांमधील फटीत मोटर स्वतः जनित्रासारखा किती दाब निर्माण करते ते मोजतात आणि वेग घसरल्यास स्पंद रुंदावतात. गाभाविरहित (फिरत्या भागात लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरींना मात्र हा उपचार मानवत नाही, त्या तापतात. स्पंदांची वारंवारता कमी असेल तर गाडी गुणगुणते, तो बिघाड नव्हे.

अंकीय (डिजिटल) नियंत्रण हा निराळा पंथ आहे. रुळांवर सतत सुमारे १४-१६ व्होल्टचा, धन-ऋण पालटता चौकोनी तरंग असतो आणि त्यातच आज्ञा गुंफलेल्या असतात. ‘एक’ या अंकाचा प्रत्येक अर्धभाग ५८ मायक्रोसेकंदांचा, तर ‘शून्या’चा किमान १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास असतो. इंजिनातील डिकोडर (आज्ञा उलगडणारे मंडल) आपल्या पत्त्याची, म्हणजे ओळख-क्रमांकाची, आज्ञा तेवढी उचलतो, त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळ्या वेगाने चालतात. या कल्पनेचे श्रेय नेमके कोणाला, हेही वादाचे आहे. जनरल इलेक्ट्रिकची ‘ॲस्ट्रॅक’ प्रणाली १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातली, तर हॉर्नबीची ‘झिरो वन’ १९७९ ची. प्रचलित डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) प्रमाण मात्र जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या कामावर उभे असून १९९० च्या दशकाच्या मध्यास ते नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने स्वीकारले. नव्या डिकोडरचा पत्ता बहुधा ३ असतो. पहिल्या क्रमांकाच्या सेटिंगने तो बदलता येतो. दुसरे सेटिंग सुरुवातीच्या दाबाचे, तिसरे वेग घेण्याचे आणि चौथे वेग सोडण्याचे.

जोडणी : साध्या कंट्रोलरला बहुधा दोन जोड्या टोके असतात. घुंडीच्या ताब्यातील १२ व्होल्टची जोडी रुळांसाठी. १६ व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाची दुसरी जोडी सांधे (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रूळ) व दिव्यांसाठी. दुसरी जोडी चुकून रुळांना लावल्यास एकदिश मोटर पुढे न जाता घुरघुरते व तापते. लांब मार्गावर रुळांच्या जोडांतून दाब गळतो, म्हणून फळीखालून जाड तारांची एक जोडी नेऊन साधारण दर मीटरला रुळांशी बारीक तारा डागाव्यात (सोल्डर कराव्यात). अंकीय मांडणीत यानंतर दोन्ही रुळांवर नाणे आडवे ठेवून पाहतात. कुठेही ठेवले तरी पुरवठा तत्काळ तुटला पाहिजे. तुटत नसेल तर तारा बारीक आहेत किंवा डाग कच्चा आहे. मार्ग वळून स्वतःलाच उलट येऊन मिळत असेल, तर उजवा रूळ डाव्याला भिडून शॉर्ट होतो. अशा फासाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांत विसंवाहक फट ठेवून तेवढ्या तुकड्याला धन-ऋण टोके पालटणारा स्वतंत्र उलटफेर स्विच द्यावा लागतो. साध्या पद्धतीत दोन गाड्यांसाठी दोन कंट्रोलर व मार्गाचे विभाग लागतात.

चालवण्याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. घुंडी शून्यावर आणून गाडी थांबल्याखेरीज दिशा बदलू नये, इतके पुरे.

पुण्यातील संदर्भ : भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय कोथरूड परिसरात १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. तेथे अनेक गाड्या एकाच वेळी चालताना पाहता येतात. (पेशवे उद्यानातील फुलराणी माणसे वाहणारी गाडी असल्याने या नोंदीच्या कक्षेत येत नाही.) घरगुती संच पुष्कळदा अमेरिकेतील नातलगांकडून येतात आणि खरी अडचण तेथे होते. तिकडचे जुने कंट्रोलर १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झचे. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. तसा कंट्रोलर थेट खोबणीत लावला, की रोहित्र जळते. नुसता पिन बदलणारा सॉकेट येथे कामाचा नाही, दाब उतरवणारे रोहित्रच हवे. ते आणि लागणारे सुटे भाग बुधवार पेठेत पासोड्या विठोबा व तपकीर गल्लीच्या परिसरात मिळतात. ५० हर्ट्‌झवर कंट्रोलरमधील मूळ रोहित्र काहीसे अधिक तापते. दाब उतरवणाऱ्या रोहित्राची क्षमताही मोकळ्या हाताने निवडावी. ज्यांच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, त्यांना यांपैकी काहीच लागत नाही.

पावसाळ्यात निकेल-सिल्व्हरचे रूळ दमटपणाने काळवंडतात आणि गाडी अडखळू लागते. दोष कंट्रोलरवर ढकलण्यापूर्वी रूळ व चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावीत. वीजपुरवठा आधी बंद करावा आणि अल्कोहोल पूर्ण उडाल्यावरच पुन्हा सुरू करावा.